न ऐकणारा राजा : शौलाची कथा आणि चांद्याचे गोंड राजे

बायबलच्या जुन्या करारातील शौल राजाची गोष्ट उपदेशकांना फार सोयीची वाटत आली आहे. देवाने आज्ञा दिली, राजाने ती अर्धीच पाळली, आणि राज्य हातचे गेले. रविवारच्या शाळेतील मुलांपासून प्रौढांच्या प्रवचनांपर्यंत तिचे तात्पर्य एकच निघते : अर्धे आज्ञापालन म्हणजे अवज्ञाच. मराठीत ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून छापील रूपात आहे, आणि आमच्या चांद्यातही ती जुनीच. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन त्याच शतकाच्या उत्तरार्धात इथे सुरू झाले. काशीला शास्त्राध्ययन करून पुढे ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोऱ्हे यांनीही काही काळ चांद्यात काम केले. ज्या गावाने नीलकंठशाह नावाचा आपला शेवटचा गोंड राजा गमावला, त्याच गावात सुमारे सव्वाशे वर्षांनी दुसरा नीलकंठ बायबल घेऊन आला, हा योगायोग. पण तो मला नेहमी खुणावतो. कारण नीलकंठशाहाची गोष्टही आपल्याला शौलासारखीच सांगितली जाते. दुष्ट राजा, वाईट वागणूक, राज्याचा नाश.

तात्पर्य सांगण्याच्या घाईत एक प्रश्न बहुधा मागे राहतो. शौलाने मोडलेली आज्ञा होती तरी कोणती? अमालेकी नावाच्या वाळवंटी टोळीचा समूळ संहार कर, ही. त्यात पुरुष, स्त्रिया, मुले, अंगावर पिणारी बाळे, बैल, मेंढरे, उंट आणि गाढवे अशी यादीच दिलेली आहे. जंगलात राहणाऱ्या माणसांच्या मुलखात बसून ही यादी वाचली की तात्पर्य घशाखाली उतरत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस न्यू इंग्लंडमधील कॉटन मॅदर यांच्यासारख्या प्युरिटन धर्मोपदेशकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना अमालेकी म्हटले होते, हे ठाऊक असल्यावर तर नाहीच. म्हणून ही कथा मुळातून नीट वाचायची, आणि मग तिच्या उजेडात चांद्याच्या राजांविषयी आपण काय शिकत आलो ते तपासायचे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

कथा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. इस्राएलच्या बारा वंशांना राजा नव्हता. शेजाऱ्यांसारखा आम्हालाही राजा हवा, असा लोकांनी आग्रह धरला. शमुवेल संदेष्ट्याला तो रुचला नाही, तरी त्याने बन्यामीन वंशातील कीशाच्या मुलाला तेल लावून अभिषेक केला. तो शौल. बापाची हरवलेली गाढवे शोधायला निघालेला, सगळ्यांपेक्षा खांदाभर उंच, आणि राजा म्हणून नाव पुकारले गेले तेव्हा सामानसुमानाच्या मागे लपून बसलेला. सत्तेकडे धावत जाणारा हा माणूस नव्हे. पुढे तो लढाया जिंकतो आणि मग पंधराव्या अध्यायात अमालेकींची मोहीम येते.

हा अध्याय साहित्य म्हणून विलक्षण बांधलेला आहे. त्याचा कणा म्हणजे 'ऐकणे' हे क्रियापद. हिब्रूतील 'शामा' या धातूचा अर्थ कानांनी ऐकणे आणि आज्ञा मानणे असा दुहेरी आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. 'पोरगा ऐकत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असे कोणी समजत नाही. आमच्याकडच्या बोलीत तर 'आयकत नाही' हा बापाचा पोराविरुद्धचा सगळ्यात मोठा दावा. म्हणून या कथेपुरते 'आज्ञापालन' हा जड संस्कृत शब्द बाजूला ठेवून 'ऐकणे' घ्यावे. तिची सारी खुमारी हाती येते.

'कोल' म्हणजे आवाज, हा त्याचा जोडीदार शब्द. देवाच्या शब्दांचा आवाज ऐक, असे शमुवेल आरंभी सांगतो. शौल मोहीम उरकून परततो आणि मी देवाचे काम पार पाडले असे मोठ्या उत्साहाने म्हणतो. त्यावर शमुवेल विचारतो, मग हा मेंढरांचा आवाज माझ्या कानी कुठून येतो आहे? आज्ञेप्रमाणे जी मेंढरे जिवंत उरायला नको होती तीच साक्षीला उभी राहतात. शौल सांगतो, लोकांनी ती यज्ञासाठी राखली. पुढे कोंडीत सापडल्यावर तो कबूल करतो की लोकांना भिऊन मी त्यांच्या आवाजाचे ऐकले. देवाचा आवाज, लोकांचा आवाज, मेंढरांचा आवाज, तिन्हींना शब्द एकच. कथाकाराने हे जाणूनबुजून केले आहे यात मला शंका वाटत नाही.

मग शौल दयाळू होता का? आधुनिक मनाला तसे मानण्याचा मोह होतो. सगळ्यांना मारायला सांगितले असताना त्याने एकाला तरी वाचवले, असे. पण कोणाला वाचवले ते पाहावे. अगागाला, म्हणजे अमालेकींच्या राजाला. शिवाय धष्टपुष्ट मेंढरे, बैल, कोकरे आणि जे जे चांगले होते ते. टाकाऊ होते ते मात्र नष्ट केले. बाकीच्या माणसांवर तलवार चालवली, तान्ह्या बाळांना वगळल्याचे कुठेही म्हटलेले नाही. राजाने राजा वाचवला आणि लष्कराने लूट वाचवली. हिला दया म्हणता येत नाही. त्याआधी एकदाच खरी सवलत दिसते. अमालेकींच्या शेजारी राहणाऱ्या केनी लोकांना शौल निरोप धाडतो की इथून निघून जा, तुम्ही पूर्वी आमच्या पूर्वजांशी चांगले वागला आहात. आज्ञेत या सवलतीचा उल्लेख नव्हता. ती शौलाने स्वतःहून दिली आणि तिच्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. अध्यायातले हे एकच वाक्य प्रवचनांत सहसा येत नाही. माझ्या मते शौलाच्या बाजूने बोलायचे असेल तर सुरुवात तिथून करावी.

आणि विरुद्ध बोलायचे असेल तर कर्मेलपासून. मोहिमेनंतर शौलाने कर्मेल इथे स्वतःचे स्मारक उभारले, असे कथाकार जाता जाता सांगतो. सामानामागे लपणारा माणूस ते हा. शेवटी सगळे उघडकीला आल्यावर त्याची विनंती काय, तर वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. शौलाचा ऱ्हास मला इथे दिसतो. मेंढरे राखण्यात तो तितकासा नाही.

देवाच्या बाजूनेही कथाकार सारे सरळ ठेवत नाही. शौलाला राजा केल्याचा मला पस्तावा होतो, असे देव अध्यायाच्या आरंभी म्हणतो. शमुवेल ते ऐकून रात्रभर आक्रोश करतो. नंतर तोच शमुवेल शौलाला बजावतो की देव काही माणूस नव्हे पस्तावा करायला. आणि अध्यायाचे शेवटचे वाक्य पुन्हा सांगते की देवाला पस्तावा झाला. तिन्ही ठिकाणी क्रियापद तेच. भाष्यकारांनी हा विरोध मिटवण्यासाठी बरीच शाई खर्च केली आहे. मला तो मिटवावासा वाटत नाही. ज्या ग्रंथात निकाल देणारा स्वतः निकालावर अस्वस्थ आहे, त्या ग्रंथाकडून एका ओळीचे तात्पर्य काढणे हा त्या ग्रंथावर अन्याय आहे.

अखेर शमुवेल अगागाला समोर आणवतो आणि गिलगाल इथे परमेश्वरासमोर स्वतःच्या हाताने त्याचे तुकडे करतो.

इथे मी वाचताना थांबतो, कारण चांद्याच्या माणसाला यापुढची जागा ओळखीची आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्याच्या गादीवर बीरशाह होता. परंपरा सांगते की त्याची मुलगी देवगडच्या घराण्यातील दुर्गपालाला दिली होती आणि तिथे तिचा अपमान झाला. बीरशाहाने प्रतिज्ञा केली की दुर्गपालाचे शिर महाकालीच्या पायी वाहीन. युद्ध झाले, देवीचा धावा केल्यावर तलवार चालली, आणि शिर देवीपुढे ठेवले गेले. चैत्रात ज्या महाकालीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून माणसांचे लोंढे येतात, तीच ही देवी. शत्रूच्या राजाला देवतेसमोर अर्पण करण्याची ही गोष्ट गिलगालच्या गोष्टीची सख्खी बहीण शोभेल. मात्र चांद्यात शमुवेल नाही. पुढे बीरशाह आपल्याच दुसऱ्या लग्नाच्या समारंभात हिरामण नावाच्या राजपुताच्या हातून मारला जातो. पहिल्या घटनेमुळे दुसरी घडली, असे मात्र ही परंपरा म्हणत नाही. प्रतिज्ञा पुरी करणारा राजाही मरतो, आणि त्याची राणी हिराई पतीची देखणी समाधी बांधते, रामशाहाला दत्तक घेऊन राज्य सांभाळते. लोककथेने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि निकाल ऐकणाऱ्यावर सोडला.

ही कथा आपल्यापर्यंत मुख्यतः मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या अहवालातून आली. १८६० च्या दशकात चांद्याची जमाबंदी करणारे हे इंग्रज अधिकारी. जमिनीच्या साऱ्यावर लिहिताना त्यांनी गोंड राजांची वंशकथा स्थानिक परंपरांतून जमवली. लोखंड गाळायला शिकवणारा कोलभिल, पहिला राजा भीम बल्लाळसिंह, जो जंगल तोडील त्याला जमीन आणि जो तळे खोदील त्याला त्या पाण्याखालचे रान देणारा हीरशाह, ससा कुत्र्याच्या मागे लागलेला पाहून शहर वसवणारा खांडक्या बल्लाळशाह. अ. ज. राजूरकरांच्या 'चंद्रपूरचा इतिहास'पासून शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांपर्यंत आपण हीच मालिका सांगत आलो आहोत. ल्यूसी स्मिथ यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी गोंड राज्याचा केलेला गौरवही आपण अभिमानाने उद्धृत करतो. रानटी टोळीचे हे सरदार राज्यकर्ते झाले, त्यांनी जंगल लागवडीखाली आणले, तळी-कोट बांधले आणि पुढे कधी दिसली नाही अशी भरभराट मागे ठेवली, असा त्याचा आशय. मात्र त्या गौरवात एक पोटवाक्य आहे : शेवटची थोडी वर्षे सोडली तर.

ती थोडी वर्षे नीलकंठशाहाची. मालिकेच्या शेवटाला येताना ल्यूसी स्मिथ यांची लेखणी बदलते, आणि बीरशाहापर्यंत जी कथा निकाल देत नव्हती ती एकदम निकाल देऊ लागते. रामशाह हा साधुवृत्तीचा राजा. कुरापत काढायला आलेला रघुजी भोसला त्याची मुद्रा पाहूनच नमला, अशी आख्यायिका. त्याचा मुलगा नीलकंठशाह १७३५ च्या सुमारास गादीवर आला. तो क्रूर, त्याने वडिलांच्या विश्वासू दिवाणाला मारले, रयतेला छळले, देवगडच्या कारभारात हात घातला. म्हणून सगळे त्याच्यावर उलटले, फितुरीने दरवाजे उघडले गेले, १७४९ मध्ये दोन तृतीयांश वसूल भोसल्यांना लिहून द्यावा लागला, १७५१ मध्ये उरलेले राज्यही गेले आणि राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला. साधू बाप, दुष्ट मुलगा, आणि परचक्राच्या रूपाने आलेली शिक्षा. बायबलमधील राजांची पुस्तके वाचलेल्या माणसाला हा साचा ओळखू येईल. तिथे प्रत्येक राजाच्या नावापुढे तो देवाच्या दृष्टीने बरा वागला की वाईट हे लिहिलेले असते, आणि राज्याचे भले-बुरे त्यावरून ठरते. ल्यूसी स्मिथ यांच्या पिढीचा इंग्रज ही पुस्तके ऐकत वाढलेला असे. त्यांनी साचा मुद्दाम लावला असे मी म्हणत नाही. तो हातवळणी पडलेला होता, असे माझे अनुमान आहे.

नीलकंठशाह सज्जन होता हे मला सिद्ध करायचे नाही. पण आरोपांपैकी एकाकडे बारकाईने पाहावे. देवगडच्या कारभारात त्याने हात घातला, हा म्हणे त्याचा अपराध. देवगडला त्या वेळी काय चालले होते? १७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारला, वारसांत भांडण लागले, ते मिटवायला रघुजी भोसल्यांना बोलावले गेले, आणि काही वर्षांतच नागपूरची सत्ता भोसल्यांच्या हाती आली. बाहेरून आलेल्याचा हस्तक्षेप व्यवस्था ठरला आणि शेजारच्या गोंड राजाचा हस्तक्षेप पाप ठरला. नीलकंठशाहाच्या बाजूने पाहिले तर आपल्या दाराशी येऊन ठेपलेली सत्ता त्याला दिसत होती. त्याने तिचे ऐकले नाही. ऐकले असते तर राज्य टिकले असते असे मानायला देवगडच्या उदाहरणात तरी आधार नाही.

शमुवेलाच्या पुस्तकाचीही गोष्ट फार वेगळी नाही. शौलानंतर गादी दावीदाकडे गेली आणि त्याचे घराणे पिढ्यान्पिढ्या राज्य करत राहिले. शौलाची कथा आपल्या हाती आली ती दावीदाच्या पक्षाच्या हातांतून, हे मत अभ्यासकांत चांगलेच रुजलेले आहे. दावीदाने तर उरीया नावाच्या आपल्याच सैनिकाची बायको बळकावली आणि त्याला मरणाच्या तोंडी दिले. त्याला शिक्षा झाली, पण गादी राहिली. जिंकलेल्या घराण्याने हरलेल्याच्या नावापुढे अवज्ञा लिहावी, ही रीत यर्देन नदीकाठीही होती आणि इरई-झरपटच्या काठीही. फरक एवढाच, की शमुवेलाच्या पुस्तकाच्या संपादकांनी हरलेल्याच्या बाजूचे पुरावे पुसून टाकले नाहीत. शमुवेलाचे रात्रभर रडणे, केनी लोकांना दिलेला निरोप, देवाचा दोनदा नोंदलेला पस्तावा, हे सारे त्यांनी राहू दिले. नीलकंठशाहाच्या वाट्याला एक पोटवाक्य आले.

आपल्या पुराणांतही न ऐकणारे राजे आहेत. त्यांतला वेन आमच्या जिल्ह्यांना फार जवळचा असायला हवा. त्याने यज्ञ बंद केले. ऋषींनी समजावले, त्याने ऐकले नाही. मंत्रांनी भारलेल्या दर्भांनी त्यांनी त्याला मारले. मग त्याची मांडी घुसळली तेव्हा जळक्या खुंटासारखा काळा, बुटका पुरुष निघाला. 'निषीद', म्हणजे खाली बस, असे त्याला सांगितले गेले, आणि तो निषाद, डोंगरजंगलांत राहणाऱ्यांचा पूर्वज झाला. उजवा हात घुसळला तेव्हा आदर्श राजा पृथू निघाला. म्हणजे राजाची अवज्ञा त्याच्यापाशी संपली नाही. तिचा गाळ वनवासी माणसाच्या रूपाने वेगळा काढून जंगलात टाकला गेला. ऋषींनी त्याला दिलेली पहिली आज्ञाही खाली बसण्याचीच. दुसरा राजा बळी. वामनाला तीन पावले जमीन देऊ नकोस, असे गुरू शुक्राचार्य बजावत असताना त्याने ऐकले नाही, गुरूचा शाप घेतला आणि राज्य गमावले. अवज्ञेने राज्य गेले तरी मराठी माणूस याच दिवाळीत पाडव्याला बळीचे राज्य येवो असे म्हणेल. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त या बळीला केंद्रस्थानी आणले, ते मला या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. राजाचा निकाल फिरवून लावता येतो, हे त्यांनी दाखवले.

आता शौलाच्या कथेतील दोन मागची पाने. दोन्ही प्रवचनांत कमी येतात, आणि दोन्ही जंगलातल्या जिल्ह्यांत वाचण्याजोगी आहेत.

पहिले चौदाव्या अध्यायातले. पलिष्ट्यांचा पाठलाग चालू असताना शौलाने शपथ घातली की संध्याकाळपर्यंत जो काही खाईल त्याला शाप. भुकेले सैन्य रानात शिरले तर तिथे मध गळत होता. कोणी हात लावला नाही. राजपुत्र योनाथानाने शपथ ऐकलीच नव्हती. त्याने काठीचे टोक पोळ्यात बुडवले आणि चाटले, आणि त्याचे डोळे उजळले, असे मूळ सांगते. शपथ कळल्यावर तो उघडच म्हणाला की बापाने देशाला त्रास दिला आहे. शौल त्याला मारायला निघाला, तेव्हा लोक आडवे आले. याच्या केसालाही धक्का लागणार नाही, असे त्यांनी राजाला ठणकावले आणि त्याला सोडवले. राजाचे न ऐकणारे हे लोक कथेत कुठेही दोषी ठरत नाहीत. रानातला मध समोर असताना त्याला शिवायचे नाही, हा हुकूम गडचिरोलीच्या माणसाला परका नाही. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेल्यावर मध, मोह, बांबू, गुरांचा चारा यांच्यावर अशाच शपथा पडत गेल्या, आणि पिढ्यान्पिढ्या पोळ्यात काठी बुडवणारा गुन्हेगार ठरला.

दुसरे पान आठव्या अध्यायातले. लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेलाने त्यांना राजा म्हणजे काय ते सांगितले. तो तुमची पोरे आपल्या रथांपुढे धावायला घेईल, पोरींना स्वयंपाकाला आणि भटारखान्यात लावील, चांगली शेते आणि मळे काढून आपल्या चाकरांना देईल, धान्याचा आणि मेंढरांचा दहावा हिस्सा घेईल. शेवटी तुम्हीच त्याचे दास व्हाल. माझ्या वाचनात राजसत्तेचे इतके रोखठोक वर्णन दुसरीकडे क्वचितच आले आहे. वेठबिगार, सारा, जमीनदारी हे शब्द ज्याच्या आजोबांनी सोसले त्याला यातले एकही कलम समजावून द्यावे लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट ही, की हा इशारा देऊनही लोक हट्ट सोडत नाहीत, तेव्हा देव शमुवेलाला सांगतो : लोकांच्या आवाजाचे ऐक. शब्द तेच, शामा आणि कोल. सात अध्यायांनंतर शौल लोकांच्या आवाजाचे ऐकल्याची कबुली देतो आणि त्यासाठी राज्य गमावतो. म्हणजे लोकांचे ऐकणे हे पाप नाही. कोणत्या लोकांचे आणि कशासाठी, हा प्रश्न आहे. आठव्या अध्यायात सारा समाज बोलत होता. पंधराव्यात लुटीवर डोळा असलेले लष्कर बोलत होते.

हा भेद हाती घेऊन १८५८ सालाकडे वळू. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांनी शेकडो आदिवासी तरुण जमवून मार्चमध्ये राजगड परगणा घेतला, नांदगाव-घोसरीला इंग्रज फौजेला हरवले. एप्रिलअखेरीस त्यांच्या माणसांनी प्राणहितेच्या काठी तारखात्याच्या छावणीवर हल्ला करून गार्टलंड आणि हॉल या दोघांना मारले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला की बाबूरावांना पकडून द्या, नाही तर जमीनदारी जाईल. लक्ष्मीबाईंनी ऐकले. बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. लक्ष्मीबाईंना ६७ गावे बक्षीस मिळाली.

शौलाच्या कथेचे शाळकरी तात्पर्य इथे लावून पाहावे. आज्ञा झाली, ती पूर्ण पाळली, मागे काही राखले नाही, फळ मिळाले. तात्पर्याप्रमाणे लक्ष्मीबाई आदर्श ठरतात आणि बाबूराव शौलाच्याही पलीकडचे पापी. हे कोणालाही पटणार नाही, आणि पटू नये. पण लक्ष्मीबाईंना सरळ खलनायिका करणेही मला जमत नाही. नाटकांतून, भाषणांतून आपण ते सहज करतो. एकीकडे आपल्याच नात्यागोत्यातला माणूस, दुसरीकडे नुकतेच नागपूरचे राज्य खालसा केलेले सरकार, आणि मध्ये एका बाईच्या हातातली जमीनदारी. तिने भीतीने ऐकले. शौलाची कबुलीही हीच होती : मी भ्यालो, म्हणून ऐकले. भीतीने ऐकणाऱ्याला बायबल क्षमा करत नाही. मी तिथपर्यंत जाणार नाही. कारण गेल्या चाळीसेक वर्षांत दिवसा एकाची आणि रात्री दुसऱ्याची बंदूक दारात पाहिलेली गावे याच जिल्ह्यात आहेत, आणि त्यांनी कोणाचे ऐकायला हवे होते हे बाहेरच्याने सांगणे सोपे असते.

याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने ऐकण्याचा अर्थ वेगळ्या वाटेने शोधला. गावातला निर्णय बहुमताने न घेता सर्वांची संमती होईपर्यंत बोलत राहायचे, हा त्यांचा नेम. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. मधाच्या पोळ्यावरची शपथ निदान एका गावापुरती उठली.

शौलाचा शेवट एकतिसाव्या अध्यायात आहे. गिलबोवाच्या डोंगरावर पलिष्ट्यांनी त्याला गाठले, मुलगे मारले गेले, त्याने स्वतःच्या तलवारीवर देह टाकला. शत्रूने शिर कापून नेले आणि धड बेथ-शान गावाच्या तटावर टांगले. शमुवेल आधीच वारला होता, दावीद दूर होता. ज्या इस्राएलासाठी राजा हवा होता ते इस्राएल पळून गेले होते. तेव्हा याबेश-गिलाद गावचे लोक उठले. शौल नवखा राजा असताना त्याने या गावाला एका क्रूर शत्रूच्या वेढ्यातून सोडवले होते. कथेत ते अकराव्या अध्यायात येऊन गेलेले असते आणि वाचक विसरलेला असतो. ते रात्रभर चालत गेले, तटावरून बापाचे आणि मुलांचे देह उतरवले, गावी आणून दहन केले, अस्थी आपल्या गावातल्या झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. देवाने टाकलेल्या राजासाठी असे करा, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. करू नका असे म्हणायलाही कोणी आले नाही.

चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात एक पिंपळ आहे. बाबूरावांना त्यालाच फाशी दिले असे लोक सांगतात. दरवर्षी २१ ऑक्टोबरला अहेरी, राजुरा, एटापल्लीकडून माणसे येतात, पिवळे झेंडे असतात, झाडाला फुले वाहिली जातात.